‘आय. टी.’तील नोकरी : राहावे की सोडावे ?

आपल्या घरांतून नोकरी ‘लागते’. लग्न जमते, घर बांधले जाते, पण नोकरी लागते. आणि ती लागली की वस्तीत पेढे वाटले जातात, विहारात खीरदान होते, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांना पाणी येते. लागलेली नोकरी आपण होऊन सोडायची असते, ही गोष्ट आमच्या वडिलांच्या पिढीला ठाऊकच नव्हती. पालिकेत लागलेला माणूस पालिकेतूनच निवृत्त झाला. गिरणीत लागलेल्याने गिरणी सोडली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि पुढे गिरणीनेच त्याला सोडले. तेव्हा घराघरांतून जी उपासमार झाली ती ज्यांनी लहानपणी पाहिली, त्यांचीच मुले आज ऐरोलीला, हिंजवडीला, खराडीला काचेच्या इमारतींत कॉम्प्युटरसमोर बसतात. आणि तीन-चार वर्षे झाली की एक दिवस जेवताना सांगतात, “बाबा, मी नोकरी सोडावी म्हणतोय.”

बाबांचा घास हातातच राहतो.

गेली काही वर्षे हा प्रश्न घेऊन आमच्याकडे पुष्कळ मंडळी येतात. पूर्वी जातीचे दाखले आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म घेऊन येत, आता मोबाईलमध्ये पगाराची स्लिप दाखवतात. आम्ही वीस वर्षे एका कचेरीत कारकुनी करीत आहोत. कॉम्प्युटरची भाषा आम्हाला येत नाही, पण पगारपत्रक वाचता येते, आणि घरात कोण कशाला घाबरले आहे तेही थोडेफार समजते. एवढ्या भांडवलावर हे लिहीत आहोत.

परवा एक कुटुंब आले होते. मुलगी सत्तावीस वर्षांची, घरातली पहिली इंजिनियर. वडील सफाई खात्यातून निवृत्त, आई पूर्वी चार घरची धुणीभांडी करीत असे. मुलीला हातात सेहेचाळीस हजार मिळतात. बदलापूरच्या पुढे घेतलेल्या वन रूम किचनचा हप्ता साडेएकोणीस हजार, धाकट्या भावाचे डिप्लोमाचे शेवटचे वर्ष. नोकरीला चार वर्षे तीन महिने झालेले. कंपनीचे नाव लिहिण्याचे कारण नाही, तशा अनेक आहेत.

मुलगी म्हणाली, “काका, मला तिथे काहीच येईनासं झालंय.”

याचा अर्थ तिच्या वडिलांना कळला नाही, आणि आम्हालाही आधी कळला नाही. मग तिने समजावून सांगितले. पहिले वर्ष तिने प्रोग्राम लिहिले. नंतर तिला सपोर्टच्या कामावर टाकले. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाची जुनी सिस्टीम चालू ठेवायची, तिथून तक्रारीचे ‘तिकीट’ आले की ठरलेल्या पद्धतीने ते बंद करायचे. तिकडचा दिवस म्हणजे आपली रात्र. तीन वर्षे ती रात्री जागून तिकिटे बंद करते आहे. शिकलेले हातातून चालले आहे, नवे काही हाती येत नाही. त्यातच नवा साहेब आला. त्याने पहिल्याच आठवड्यात आडनावावरून गाव विचारले, गावावरून आणखी काही विचारले, आणि तेव्हापासून बोलण्यात “तुम्हा लोकांना ॲडमिशन सोपी असते” असे अधूनमधून येऊ लागले.

वडील म्हणाले, “आम्ही गटारात उतरलो पोरी, पण नोकरी टाकली नाही. तू तर एसीत बसतेस.”

यावर मुलगी गप्प राहिली. आईने मात्र खरी गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या छातीत स्टेंट बसविली, तो सगळा खर्च मुलीच्या कंपनीच्या मेडिक्लेममधून झाला. “तिनं नोकरी सोडली तर ह्यांचं कार्ड बंद होईल ना हो भाऊ ?”

वाचकहो, इथे सगळा प्रश्न उलगडला. बाप एसीबद्दल बोलत होता पण त्याच्या मनात ते कार्ड होते, आणि आपल्या आजाराची भीती मुलीपुढे बोलून दाखवणे त्याला कमीपणाचे वाटत होते. आमचा अनुभव असा, की नोकरी सोडण्यावरून घरात जेवढी भांडणे होतात त्यांतली निम्मी अशी दुसऱ्याच कशाबद्दल तरी असतात. म्हणून आधी सर्वांनी एकत्र बसून, नोकरी गेली तर नेमके काय जाईल, हे मोठ्याने बोलावे.

आता त्या कार्डाचेच आधी पाहू. कंपनीचा गट-विमा नोकरीबरोबर संपतो. मात्र त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो, आणि गट-विम्यात काढलेला काळ आधीच्या आजारांच्या प्रतीक्षाकाळात धरला जातो. (हा प्रतीक्षाकाळ २०२४ च्या नियमांनी जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला आहे.) पॉलिसी द्यायची की नाही आणि हप्ता किती लावायचा, हे विमा कंपनी वय आणि प्रकृती पाहून ठरवते. तेव्हा ही चौकशी राजीनाम्याच्या आधी करावी, नंतर नव्हे. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जी. एस. टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे, तेवढा हप्ता हलका झाला. नव्या कंपनीत जाणार असाल तर तिथल्या मेडिक्लेममध्ये आईवडील धरतात का, आणि कोणत्या तारखेपासून, हे लेखी विचारून घ्यावे. पुष्कळ ठिकाणी फक्त नवराबायको आणि मुले धरतात, आणि अविवाहित मुलीचे आईवडील बाहेर राहतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहेच, पण ती ठरलेल्या इस्पितळांत आणि ठरलेल्या उपचारांसाठी असते. तिच्यावर सर्व भार टाकू नये.

दुसरी गोष्ट ग्रॅच्युइटीची. ‘पाच वर्षे पूर्ण कर, मग सोड’ असे प्रत्येक घरात सांगतात, पण ती रक्कम होते तरी किती, हे कोणी मोजत नाही. हिशेब सोपा आहे : शेवटचे मूळ वेतन, त्याला १५ ने गुणायचे, २६ ने भागायचे, आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचे. या मुलीचे मूळ वेतन वीस हजार. पाच वर्षांची ग्रॅच्युइटी ५७,६९२ रुपये होते. आता समजा, दुसरीकडे तिला महिना बारा हजार रुपये जास्त देणारी नोकरी आजच मिळाली, तर पाच वर्षे भरायला उरलेल्या नऊ महिन्यांत १,०८,००० रुपये जास्त पदरात पडतील. म्हणजे ग्रॅच्युइटीसाठी थांबणे तोट्याचे. पण हातात दुसरी नोकरी नसेल, तर तेच ५७,६९२ रुपये हप्त्याचे जवळजवळ तीन महिने होतात. तेव्हा ‘थांब’ म्हणणारा बरोबर की ‘जा’ म्हणणारा, हे दुसरी नोकरी हातात आहे की नाही यावर ठरते.

यात एक बारकावा आहे. नोटिशीची मुदतही नोकरीतच धरली जाते. आय. टी. कंपन्यांत ही मुदत बहुधा तीन महिन्यांची असते. म्हणजे या मुलीने आणखी सहा महिन्यांनी राजीनामा दिला, तरी कामाच्या शेवटच्या दिवशी तिची पाच वर्षे भरतात. चार वर्षे आणि २४० दिवस झाले की पाचवे वर्ष पूर्ण धरावे, असे काही हायकोर्टांचे निर्णय आहेत, पण सर्व कंपन्या ते आपणहून मानत नाहीत. भांडायची तयारी नसेल तर पाच वर्षे पुरी भरलेली बरी. ज्यांची नेमणूक ठरावीक मुदतीच्या करारावर आहे त्यांना नव्या कामगार संहितांनुसार (या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या) एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. आपले नेमणूकपत्र काढून त्यात काय लिहिले आहे ते वाचावे. आम्ही विचारले तेव्हा दहांतल्या आठ मुलांनी ते सही करताना वाचलेच नव्हते. इंग्रजी माध्यमातली मुलेसुद्धा !

प्रॉव्हिडंट फंडाबद्दल एकच आग्रह : नोकरी बदलताना तो काढू नये, नव्या खात्यात वळवावा. पाच वर्षे सलग सेवा होण्याआधी काढला तर त्यावर कर बसतो. वळवला तर दोन्ही नोकऱ्यांची वर्षे जोडली जातात. ज्यांच्या नावे पेन्शनचाही हिस्सा जमा होतो, त्यांना पेन्शनच्या हक्कासाठी दहा वर्षे लागतात, आणि मध्येच पैसे काढून घेतले की मोजणी पुन्हा शून्यापासून. आपल्या वस्तीत मुलाने नोकरी बदलली की लगेच ‘फंडाचे पैसे आले का ?’ असे विचारणारे मामा आणि आत्या असतात. बहिणीचे लग्न, गावच्या घराचे पत्रे, सगळे त्या फंडावर डोळा ठेवून असतात. त्यांना नाही म्हणायचे काम मुलाने एकट्याने करायचे नसते, ते आईवडिलांनी करावे.

आता मुख्य मुद्दा. वडिलांचे म्हणणे, राहणे म्हणजे सुरक्षित आणि सोडणे म्हणजे धोका. सरकारी कचेरीत हे खरे होते, आजही बऱ्याच अंशी आहे. सॉफ्टवेअरच्या धंद्यात ते अर्धेच खरे आहे. जुलै २०२५ मध्ये टी. सी. एस. या देशातल्या सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने आपले सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास लोक कमी करण्याचे जाहीर केले, आणि त्यांत प्रामुख्याने मधल्या व वरच्या जागांवरचे लोक होते. म्हणजे इमानेइतबारे दहा-पंधरा वर्षे काढलेले. जे काम नियम लावून ठरलेल्या पद्धतीने करता येते, ते आता कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे करू लागली आहेत, आणि तिकिटे बंद करण्याचे काम नेमके तशा प्रकारचे आहे. तेव्हा “मला तिथे काहीच येईनासं झालंय” हे त्या मुलीचे वाक्य म्हणजे लाडात वाढलेल्या मुलीची तक्रार नव्हे. आणखी आठ वर्षांनी तिला काढले, तर तेव्हा तिच्या हातात काय असेल, असे ती विचारत होती. गिरणीत सांधेवाल्याचे जे झाले, ते तिला दिसत होते. आम्ही हे उदाहरण दिले तेव्हा वडिलांनी प्रथमच मान डोलावली. त्यांचा थोरला भाऊ गिरणीत होता.

म्हणून आम्ही मुलांना विचारतो, गेल्या वर्षभरात कंपनीच्या वेळेत काय नवे शिकलास ? सांगण्यासारखे काही असेल तर पगार थोडा कमी असूनही राहायला हरकत नाही, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत. वर्षानुवर्षे काहीच नसेल, तर पगार बरा असूनही निघण्याची तयारी सुरू करावी. तयारी म्हणजे राजीनामा नव्हे. आधी त्याच कंपनीत दुसऱ्या प्रोजेक्टवर बदली मागावी, तीही ई-मेलने. रात्रपाळीबद्दल महाराष्ट्रात कायदा स्पष्ट आहे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येते, आणि सुरक्षिततेची व जाण्यायेण्याची सोय मालकाने करायची असते. मुलींना बहुधा हे माहीत नसते, आणि माहीत झाले तरी मागायला भीती वाटते. संमतीच्या कागदावर पहिल्याच दिवशी सही घेतलेली असते, तो कागद काढून पाहावा.

आणि साहेबाच्या त्या बोलण्याचे काय ? यावर आमचे मत थोडे कडक आहे. खाजगी कंपनीत आरक्षण नाही. तिथे आपली मुले जातात ती परीक्षा आणि मुलाखत देऊन. कोणी ‘तुम्हा लोकांना’ म्हटले तर ते गिळून रात्री उशीत तोंड खुपसून रडण्यापेक्षा तारीख, वेळ, शब्द आणि ऐकणाऱ्यांची नावे घरच्या वहीत लिहून ठेवावीत, आणि एच. आर. कडे लेखी द्यावे. हे दुखणे साता समुद्रापारही गेले आहे. २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारी खात्याने सिस्को कंपनीत एका दलित इंजिनियरला जातीवरून त्रास झाला असा दावा लावला होता. २०२३ मध्ये त्यातील दोन अधिकाऱ्यांवरचे आरोप मागे घेतले गेले. त्याच वर्षी सिअ‍ॅटल शहराने मात्र जातीवरून भेदभाव करण्यास बंदी केली. तक्रार करून साहेब सुधारेल अशी हमी आम्ही देत नाही. पण पुढे राजीनामा द्यावा लागला, तर तो कशामुळे, याचा कागद हातात राहतो.

बाबासाहेबांनी नोकऱ्या सोडल्या आहेत, हे आपण विसरतो. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीपोटी दहा वर्षे बडोद्याची चाकरी करण्याचा करार त्यांच्यावर होता. १९१७ साली ते बडोद्याला गेले. कचेरीत शिपाई फायली दुरून फेकीत, राहायला घर मिळेना, पारशी विश्रामगृहातून त्यांना बाहेर काढले, आणि ते मुंबईला परत आले. त्या नोकरीत राहणे माणूस म्हणून शक्य नव्हते. पण १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, ती नोकरी त्यांनी निराळ्या रीतीने सोडली. पगार चांगला असून परळच्या चाळीत काटकसरीने राहिले, लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी पैसा साठवला, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज मिळवले, आणि १९२० मध्ये राजीनामा दिला. दोन्ही राजीनामे त्यांचेच. अपमान असह्य झाला तर पहिल्यासारखे निघावे लागते, आणि तसे निघणाऱ्याला घराने दोष देऊ नये. पण निवडीला वाव असेल तर सिडनहॅमची रीत बरी.

उलट प्रकारही आम्ही पाहिला आहे. वस्तीतल्या एका मुलाने पुण्याच्या एका कंपनीत साहेबाशी भांडण होताच त्याच दिवशी राजीनामा पाठवला आणि ‘एम. पी. एस. सी. करतो’ म्हणून घरी आला. मागासवर्गीयांना वयाची मर्यादा ४३ आहे, एवढ्या आधारावर त्याने चार वर्षे काढली. परीक्षेचा अभ्यास करू नये असे आमचे म्हणणे नाही, आपल्यातली कितीतरी मुले त्याच वाटेने अधिकारी झाली. पण किती वर्षे आणि कोणाच्या पैशावर, हे त्याने ठरवले नव्हते. त्या चार वर्षांत सॉफ्टवेअर चार पिढ्या पुढे गेले. आता तो परत कंपनीत जाऊ पाहतो तेव्हा नवशिक्यांबरोबर उभा राहतो. नवशिक्यांचा पगार तर दहा-बारा वर्षे वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतो आहे.

आणखी एक प्रकार फार वाईट. मुलाला एका खोलीत बोलावतात, दोन माणसे समोर बसतात आणि सांगतात, आत्ताच राजीनामा लिही, नाहीतर काढून टाकल्याचा शेरा देऊ. पोरगा घाबरून सही करतो. आमच्या ओळखीच्या दोघांच्या बाबतीत हे घडले. अशा वेळी “घरी विचारून उद्या सांगतो” एवढेच म्हणावे आणि उठावे. आपण होऊन दिलेला राजीनामा आणि कंपनीने केलेली कपात यांत नुकसानभरपाईचा फरक पडतो. सॉफ्टवेअर इंजिनियर कायद्याने ‘कामगार’ ठरतो की नाही यावर वाद चालतात, पण सही केलेल्या माणसाला तो वाद घालण्याचीही जागा उरत नाही. पुण्यात ‘नाईट्स’ ही आय. टी. कर्मचाऱ्यांची संघटना अशा तक्रारी कामगार खात्याकडे नेते. आपल्या मुलांना युनियन हा शब्द जुनाट वाटतो. त्यांच्या आजोबांना वाटत नव्हता.

बाँडबद्दलही सांगितले पाहिजे. ‘बाँडला कोर्टात किंमत नसते’ असे मित्र सांगतात. तसे समजून चालू नये. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. ती सरकारी बँक होती आणि प्रत्येक कंपनीचा प्रत्येक बाँड तसाच टिकेल असे नाही, पण सही करताना आकडा पाहावा. शाळा-कॉलेजची मूळ प्रमाणपत्रे मात्र कोणाच्याही ताब्यात ठेवायला देऊ नयेत, कंपनी कितीही मोठी असो.

त्या कुटुंबाचे असे ठरले. मुलगी सहा महिने राहील आणि त्या मुदतीत बदलीसाठी अर्ज करील. रात्रपाळीची संमती ती मागे घेणार आहे. आईवडिलांची वेगळी पॉलिसी आधी घ्यायची, तिचा हप्ता या वर्षी वडिलांच्या पेन्शनमधून जाईल. हे वडिलांनीच सांगितले, आणि सांगताना ते जरा ताठ बसले. दर महिन्याला आठ हजार बाजूला टाकून घराच्या हप्त्याचे दोन-अडीच महिने गाठीला बांधायचे. सकाळी झोप झाल्यावर दोन तास नवा अभ्यास, तेवढा वेळ पाणी भरणे आणि भाजी आणणे हे काम भावाचे. यावर भावाने कुरकुर केली, तेव्हा आईने त्याला चांगलेच सुनावले. सहा महिन्यांत दुसरीकडचे पत्र आले तर जायचे, न आले तर पाच वर्षे भरेपर्यंत थांबून पुन्हा बसायचे. नव्या कंपनीचे ऑफर लेटर हाती पडल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही. आणि ते लेटरही अलीकडे काही कंपन्या मागे घेतात किंवा रुजू होण्याची तारीख महिनोन्‌महिने पुढे ढकलतात, म्हणून गाठीचे पैसे लागतातच.

जाण्याचा दिवस येईल तेव्हा रिलिव्हिंग लेटर, अनुभवाचे पत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म सोळा, एवढे कागद हातात घेतल्याशिवाय कंपनीचा लॅपटॉप परत केल्याच्या पावतीवर समाधान मानू नये. ई-मेलमधले आपले कागद आधीच घरी उतरवून ठेवावेत, शेवटच्या दिवशी दुपारी बारा वाजता खाते बंद होते. (फक्त आपलेच कागद. कंपनीचे काम किंवा प्रोग्राम घरी आणला तर तो गुन्हा होतो.) राजीनामा दिलेल्या माणसाचे थकलेले वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावे असे नव्या वेतन संहितेत आहे. कंपन्या दीड-दोन महिने लावतात, तेव्हा कलम १७ चा उल्लेख करून स्मरणपत्र पाठवावे. मसुदा जमत नसेल तर आम्ही लिहून देऊ, त्याला पैसे पडत नाहीत.